एक मजला खरा

तिसगावच्या एका लग्नात मी चार तास एक केक पाहत बसलो. मुहूर्त गोरज, सहा-चाळीसचा. पण शुभाशीर्वाद द्यायला येणारे पुढारी करंजी घाटात असल्याचं माइकवरून तीनदा सांगून झालं होतं, आणि ते आल्याशिवाय अक्षता पडायच्या नव्हत्या. मे महिना, वर पत्रा, पंख्याचा वारासुद्धा तापलेला. स्टेजच्या डाव्या अंगाला स्टुलावर तीन मजली पांढरा केक उभा होता आणि त्याच्यामागे एक बाई पुठ्ठ्याच्या तुकड्यानं त्याला वारा घालत बसली होती. तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी.

मला गोडाची आवड आहे. केकची फारशी नाही. वेळ काढायचा म्हणून पाहू लागलो आणि मग नजर हलेना.

केक खालून वर रचतात, तेव्हा पाहावाही खालूनच. सगळ्यांत खालचा थर चांगला परातीएवढा. पायाशी क्रीमची किनार: शेजारी शेजारी टेकलेले टोकदार थेंब, प्रत्येक थेंब आधीच्याच्या शेपटीवर बसलेला. विलायतेत या किनारीला शिंपल्यांचं नाव आहे. इथे मला शिंपले दिसेनात. मला दिसला पैठणीचा नारळी काठ. मान वळवून स्टेजकडे पाहिलं, तर नवरीच्या अंगावर तोच काठ, टोकं वर केलेल्या त्रिकोणांची तीच रांग. पैठण इथून शेवगावमार्गे फार लांब नाही, पण काठानं साडीवरून साखरेवर येणं हा प्रवास वेगळाच. नंतर वारा घालणाऱ्या त्या ताईंना विचारलं. (गाव त्यांना केकवाल्या ताई म्हणतं, मीही तेच म्हणतो.) त्या म्हणाल्या, "पोरी मोबाइलवरचे केकचे फोटो पाठवत्यात. मी म्हणते, केकचा नको, साडीचा पाठव."

किनार मी दोनदा फिरून पाहिली. थेंबाच्या जाडीत फरक नाही, दोन टोकांमधल्या अंतरात नाही. नोझलच्या पिशवीवर दाब द्यायचा, थेंब फुगू द्यायचा, दाब सोडत हात मागे ओढायचा. हे तीनही एका श्वासात, आणि एका किनारीत शंभरदा. हा हात कुठल्या क्लासात बसला, असं मी विचारलं, तर त्या हसल्या. "कुरडयांवर."

यावर मला थोडं रेंगाळायचं आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. चीक गार झाला की सोऱ्या अडतो, म्हणून दाब सारखा आणि हात भराभर. वेटोळं सुटत जातं, शेवटी मनगटाला हलका झटका देऊन शेपूट तोडायची, तीही आत दडेल अशी. आपल्याकडच्या कित्येक पोरी दर उन्हाळ्यात गच्चीवर हे शिकतात आणि त्याला कुणी कला म्हणत नाही. क्रीमचं गणित उलटं आहे: तळव्याची ऊब लागली की ते सैल पडतं. म्हणजे एकीकडे गार व्हायच्या आत, दुसरीकडे गरम व्हायच्या आत. घाई तीच. ताईंच्या थेंबांची शेपूट बारकाईनं पाहिली, तर ती कुरडईसारखी आत वळलेली दिसते. बेकरीत शिकलेला कारागीर ती खाली सरळ ओढतो.

गोल किनारीची दोन टोकं जिथे भेटतात तिथे कारागिराची परीक्षा असते. शेवटचा थेंब बसायला जागा अर्धीच उरते. ताईंनाही ती अर्धीच उरली होती. त्यांनी तिथे एक मुनिया, पैठणीच्या काठातला छोटा पोपट, हिरव्या क्रीमचा बसवला आणि ती बाजू भिंतीकडे केली. एवढंसं पाखरू, चोच किंचित उघडी. अख्ख्या केकवरची माझ्या मते सर्वांत जिवंत जागा हीच, आणि ती फोटोत कुठेच येणार नव्हती.

मधला मजला जवळजवळ कोरा. गुळगुळीत पांढरी भिंत, एकही फूल नाही. काठ भरगच्च आणि अंग मोकळं ही साडीचीच रचना इथे आली आहे, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. पण ताईंचं कारण साधं होतं. उन्हाळ्यात जितकं क्रीम चढवावं तितकं ते घसरतं. उभ्या भिंतीवर फुलं लावली असती तर पुढारी येईपर्यंत ती पायाशी आली असती. म्हणूनच नवरा-नवरीची नावं केकवर नव्हतीच. ती खालच्या पाटावर होती, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' सकट. "पाट वितळत नाही," ताई म्हणाल्या. तरीही माझं वाचन मी मागे घेत नाही. वृत्ताच्या अडचणीतून कवीला एखादा चांगला शब्द सापडतो, तसा उन्हाच्या अडचणीतून हा कोरेपणा सापडला.

वरच्या मजल्यावर बाहुला-बाहुली नव्हती. तिथून दोन्ही बाजूंना साखरेच्या मोत्यांच्या सरी खाली सोडल्या होत्या. मला ओळखायला क्षण लागला, मग हसू आलं. मुंडावळ्या! ताईंनी केकलाच बोहल्यावर उभं केलं होतं. त्याच मजल्यावर पुढच्या बाजूला एक मोर होता, आणि तिथे मात्र माझं त्यांच्याशी जमलं नाही. निळा रंग फार चढला होता. अशा निळ्यानं जीभ रात्रभर निळी राहते, आणि मोराची मान इतकी जाड की तो पाणकोंबडा वाटावा. मागची मुनिया ज्या हातानं काढली, त्यानंच हा मोर काढला यावर विश्वास बसत नाही. बहुधा मोर घरच्यांनी मागितला असावा आणि मुनिया कुणीच मागितली नसावी.

एवढ्यात एका पोरानं मधल्या मजल्यात बोट खुपसलं. बोट आत गेलंच नाही. पोरगं आश्चर्यानं बोटाकडे पाहत राहिलं, आणि माझ्या लक्षात आलं: वरचे दोन मजले थर्माकोलचे. केक फक्त खालचा.

पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. मग आठवलं, की या खोटेपणाला राजघराण्याचं कूळ आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न 1840 साली झालं. तिचा केक पांढऱ्याशुभ्र साखरेनं मढवलेला होता, आणि पांढरी साखर महाग होती म्हणून पांढरेपणा हीच श्रीमंती. अशा कडक साखरलेपाला आजही 'रॉयल आयसिंग' म्हणतात. 1858 साली तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात उंच मजल्यांचा केक आला, पण त्यातही केक होता तो तळाशी. वरची सगळी साखरेची शिल्पं. सगळेच मजले खायचे झाले ते 1882मध्ये, धाकट्या राजपुत्राच्या लग्नात. पुढे दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, 1940 साली केकवर आयसिंग करायलाच बंदी झाली. तेव्हा तिथली माणसं पुठ्ठ्याचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा उंच केक भाड्यानं आणत, त्याच्या पोटात छोटासा खरा केक लपवत आणि फोटो काढून घेत. त्यांचा पुठ्ठा, तिसगावचं थर्माकोल.

शिवाय आपल्याकडे रुखवत होतंच की. चिरोट्यांच्या चळती, लाडवांचे मनोरे, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, सुपारीचे भटजी. त्यातलं निम्मं खायचं आणि निम्मं नुसतं पाहायचं. नवरीकडच्या बायकांचा हात किती देखणा, हे वरपक्षाला कळावं म्हणून मांडलेलं ते प्रदर्शन असे. आता रुखवताच्या टेबलावर तयार वस्तू असतात, आणि त्या प्रदर्शनाची जागा या स्टुलानं घेतली आहे. फरक एकच, आणि तो थोडा नाही: पूर्वी हात नवरीच्या मावशीचा असे, आता तो पैसे घेऊन काम करणाऱ्या बाईचा आहे. भाव मात्र लोक अजून किलोवरच विचारतात. थर्माकोलला वजन नाही, म्हणून त्याचे पैसेही नाहीत, असा वरबापाचा हिशेब. मग मधल्या मजल्याची ती गुळगुळीत भिंत, जिला खालच्या थराइतकाच वेळ लागला, ती कुठल्या किलोत मोजायची?

ताईंचं स्वयंपाकघर मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. एक टेबलावरचा ओव्हन, एक फ्रीज, फिरतं टेबल, पालेट नाइफ आणि भिंतीवर कालनिर्णय. त्यात विवाहमुहूर्तांना लाल गोल. पहिला केक त्यांनी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून भाजला होता. लग्नाच्या दिवशी त्या पहाटे तीनला उठतात, कारण तेव्हा वीज असते आणि हवा गार असते. भांडं बर्फात ठेवून क्रीम फेटायचं. हे क्रीम दुधाचं नसतं, पामच्या बियांच्या तेलाचं असतं. उन्हात ते दुधाच्या सायीपेक्षा जास्त वेळ टिकतं, म्हणून अख्खा हिंदुस्थान तेच वापरतो. सामान नगरहून येतं. गोठवलेल्या क्रीमचे डबे एसटीत मांडीवर घेऊन करंजी घाट उतरायचा आणि बर्फ वितळायच्या आधी घर गाठायचं. सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे पोचवणं. केक मजले सुटे करून नेतात आणि मांडवात जोडतात. खड्डा दिसला की ताई दीराला म्हणतात, "भाऊजी, म्हशीसारखं चालवा."

ऑर्डरींचं गणित मात्र कालनिर्णयातून पूर्ण कळत नाही. तिसगाव ज्यात येतं तो पाथर्डी तालुका ऊसतोड्यांचा. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांवर जातात, गाळप संपल्यावर परततात, हिशेब होतात, आणि मग लग्नं निघतात. तालुक्याचा स्वतःचा वृद्धेश्वर साखर कारखाना आदिनाथनगरला, इथून जवळच. 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा करणारा हाच जिल्हा. त्या लग्नातल्या नवऱ्या मुलाचे आईबाप पाच महिने उसाच्या फडात होते. त्यांनी तोडलेल्या कुठल्या मोळीची साखर या मोत्यांत आली असेल, हे सांगता येणार नाही, पण नवऱ्याच्या आईनं केक पाहून पहिला प्रश्न साखरेचा केला नाही. तिनं विचारलं, "अंडं नाही ना ओ ताई?"

हा प्रश्न तिसगावपुरता नाही. पुण्यात प्राची धबल देब म्हणून रॉयल आयसिंगच्या मोठ्या कलाकार आहेत. ब्रिटिश राजघराण्यासाठी केक सजवणाऱ्या एडी स्पेन्स यांच्याकडे त्या इंग्लंडात शिकल्या. मिलानच्या कॅथीड्रलवरून त्यांनी केलेली 100 किलोंची साखरेची वास्तू सुमारे 1500 तुकड्यांची आहे, आणि कोळिष्टकाएवढ्या बारीक रेघा त्यात हवेत टांगल्यासारख्या उभ्या आहेत. पण रॉयल आयसिंग परंपरेनं अंड्याच्या पांढऱ्या भागातलं. इथल्या लग्नघरांत ते चालेना, म्हणून त्यांना अंड्याविना तितकंच कडक वाळणारं आयसिंग घडवून घ्यावं लागलं. म्हणजे त्या कॅथीड्रलच्या पायाशीही हाच सासूबाईंचा प्रश्न आहे. ताईंनी त्यांचे व्हिडिओ पाहिलेले आहेत, पुन्हा पुन्हा. तसं काही करावंसं वाटतं का, विचारलं तर म्हणाल्या, "ते कडक असतं, क्रीमच्या ओलीवर विरघळंल. आणि आमच्याकडं लोकांना मऊ लागतं." थोड्या वेळानं आपणहून म्हणाल्या, "वर्षभरात एकदा, स्वतःसाठी."

पुढारी आले, बोलले, अक्षता पडल्या. साडेनऊला सुरी चालली. नारळी काठ पहिल्याच घावाला गेला. माझ्या कागदी बशीत आलेल्या तुकड्याकडून अननसाची अपेक्षा होती, कारण इथे 'कुठला?' असं विचारलं की लोक सवयीनं 'पायनापल' म्हणतात. पण आत व्हॅनिलाही नव्हता. जायफळ होतं, आणि मागून वेलची. जीभ क्षणभर पुरणपोळीकडे वळली आणि केककडे परत आली. स्पंज दह्यातला, किंचित आंबूस, पाकात भिजवलेला; पाक जरा जास्तच. क्रीमचा तेलकट थर टाळूला चिकटला, तो पाण्यानंही जाईना. पण ते जायफळ! ते कुणी मागितलं नव्हतं, त्याचे पैसेही कुणी दिले नव्हते. मुनियेसारखंच.

पंगत उठत असताना ताई स्टेजजवळ आल्या. थर्माकोलचे दोन्ही मजले एका करवलीच्या पोरांनी पळवले होते आणि कडेचं क्रीम चाटणं चाललं होतं. "चाटा, पण मोडू नका रे," ताई म्हणाल्या. "परवा निवडुंग्याच्या लग्नाला लागणार आहेत." मोराची मान कुणीतरी खाल्ली होती. मुंडावळ्यांचे मोती एका मुलीनं फ्रॉकच्या खिशात भरले होते. ताईंनी मजले हौदावर धुतले, उन्हानं तापलेल्या भिंतीला टेकवून वाळत ठेवले आणि पदर खोचून जेवायला बसल्या, शेवटच्या पंगतीत.