गंमतशब्द आणि आपली वऱ्हाडी

आता गमतीने घडवलेल्या शब्दांकडे वळू. सिग्नलला 'अग्निरथगमनागमनसूचक लोहपट्टिका' म्हणत भाषाशुद्धीची केलेली थट्टा आपण शाळेपासून ऐकत आलो. थट्टा झकास, पण मलकापूरच्या ठेसनावर हा शब्द कोणी वापरत नाही. उलट सावरकरांनी रुजवलेले 'दिनांक', 'महापौर' आज मुकाट्याने काम करतात. अर्थ वापरात शोधा, असं विट्गेन्स्टाइन सांगतो, ते इथे पटतं.

एसटीला 'लाल डबा' कोण म्हणतं? त्यात हाडं खिळखिळी करून घेणारेच. वाहतूक पोलिसाला 'मामा' म्हणताना नातंही जुळतं, चिमटाही बसतो. दुसऱ्याचा 'पोपट झाला' म्हणणाऱ्याचा उद्या स्वतःचाच होतो. या विनोदात हसणारा स्वतः सामील असतो, म्हणून तो आम्हाला आवडतो.

पण 'काऊन', 'डोया', 'केयी' हे गमतीसाठी घडवलेले शब्द नव्हेत. 'ळ'चा 'य' होणं ही वऱ्हाडीची रीतच आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातल्या 1905 च्या मराठी खंडात वऱ्हाडीची नोंद आहे. तरी नाटक-सिनेमात एखादं पात्र 'काऊन' म्हणालं की हशा पिकतो. तिथे विनोद शब्दात कुठे असतो? बोलणाऱ्याला अडाणी ठरवण्यात असतो. मग चिखली-मेहकरचं पोरगं पुण्यात जाऊन आधी 'काऊन'चं 'का' करतं.

नवे शब्द खुशाल घडवा, हसा. पण ते पोरगं सुट्टीत घरी येऊन मायशी बोलतानाही जीभ सावरू लागलं, तर त्या हशाची किंमत आपणच मोजतो आहोत.