परकीय अर्थसाहाय्य आणि शासनाचे उत्तरदायित्व : पाम-बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

पालघर जिल्ह्यातील पाम-बोईसर-तारापूर हा पट्टा परकीय अर्थसाहाय्याच्या दोन मोठ्या प्रकल्पांचा साक्षीदार आहे. १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून उभा राहिलेला तारापूर अणुऊर्जा प्रकल्प हा पहिला आणि जपानच्या कर्जातून आकाराला येत असलेला मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्ग हा दुसरा. या दोन प्रकल्पांच्या आधारे प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, परकीय साहाय्यातील उत्तरदायित्व मुख्यतः धनकोच्या दिशेने वाहते. ज्यांच्या भूमीवर प्रकल्प उभा राहतो त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. धनको संस्थेची नियमावली ही देशांतर्गत लोकशाही उत्तरदायित्वाला पर्याय ठरू शकत नाही.

प्रस्तावना

'मदत' हा शब्द मराठीत आपुलकीचा आहे. तो उच्चारताच हिशेब विचारणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मात्र या शब्दाखाली अनुदान आणि सवलतीच्या दराचे कर्ज या दोन भिन्न गोष्टी एकत्र येतात. प्रस्तुत परिसरातील दोन्ही प्रकल्पांना मिळालेले साहाय्य हे कर्ज होते. कर्ज म्हटले की ते कोणी घेतले, कोणत्या अटींवर घेतले, त्याची किंमत कोण मोजणार आणि जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न ओघानेच येतात. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याने साहाय्याच्या परिणामकारकतेची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांत 'मालकी' आणि 'परस्पर उत्तरदायित्व' यांचा समावेश आहे. परंतु येथे 'परस्पर' म्हणजे देणारे शासन आणि घेणारे शासन. ग्रामसभा या परस्परसंबंधात कोठे बसते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

तारापूर : इंधनाचा हिशेब, माणसांचा नव्हे

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात अणुऊर्जा सहकार्याचा करार झाला. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने (यूएसएड) या प्रकल्पासाठी सुमारे ८ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारित दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाल्या. देशातील पहिले अणुवीज केंद्र म्हणून तारापूरचे महत्त्व वादातीत आहे.

या साहाय्यासोबत उत्तरदायित्वाची एक काटेकोर व्यवस्थाही आली. समृद्ध युरेनियम कोठून आले, किती वापरले गेले, वापरलेल्या इंधनाचे काय झाले, यावर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची देखरेख होती. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर आणि अमेरिकेने १९७८ मध्ये केलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यानंतर इंधनपुरवठ्याचा वाद दोन्ही राजधान्यांत अनेक वर्षे गाजला. अखेरीस इंधनासाठी फ्रान्सकडे वळावे लागले. या संपूर्ण वादात उत्तरदायित्व हा शब्द दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यापुरताच मर्यादित राहिला. किनाऱ्यावरील मच्छीमार आणि शेतकरी हे कराराचे पक्षकार नव्हते. इंधनाच्या हिशेबाला आंतरराष्ट्रीय यंत्रणा मिळाली. गावाच्या हिशेबाला मात्र तशी कोणतीही यंत्रणा मिळाली नाही.

याच ठिकाणी पुढे स्वदेशी तंत्रज्ञानाच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे विस्थापित झाली व त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे उदाहरण मुद्दाम नोंदविण्याचे कारण असे की, दोष केवळ परकीय पैशात आहे, असा सोपा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. पैसा स्वदेशी असतानाही उत्तर मिळविण्यासाठी गावकऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

द्रुतगती रेल्वे : धनकोची नियमावली आणि तिच्या मर्यादा

दुसरा प्रकल्प अर्धशतकानंतरचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या या ५०८ किलोमीटर मार्गाचा मूळ अंदाजित खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्यापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या (जायका) कर्जातून उभी करण्याचे ठरले. व्याजदर ०.१ टक्के, परतफेडीची मुदत ५० वर्षे आणि सुरुवातीची १५ वर्षे मुद्दलात सवलत, अशा या अटी होत. महाराष्ट्र शासनाचा भागभांडवली वाटा ५ हजार कोटी रुपयांचा ठरला. नियोजित १२ स्थानकांपैकी बोईसर हे एक आहे.

अटी उदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि कर्ज येनमध्ये असल्याने चलनाच्या चढउताराचा भार ऋणकोवर पडतो. हा भार पुढील पिढ्यांचा असल्याने त्यावर लोकप्रतिनिधींची सविस्तर चर्चा अपेक्षित होती. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २९२ नुसार संघराज्याची कर्ज काढण्याची शक्ती कार्यकारी अधिकारात अंतर्भूत आहे. संसदेला कायद्याने मर्यादा घालता येते, पण प्रत्येक परकीय कर्जकरारास तिची स्वतंत्र मंजुरी आवश्यक नसते. उत्तरदायित्वातील पहिली पोकळी येथे आहे.

दुसरी पोकळी अधिक बोलकी आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत पूर्वमंजुरी आवश्यक असलेल्या प्रकल्पांच्या यादीत रेल्वेमार्ग येत नाहीत. वन, वन्यजीव आणि किनारपट्टी नियमनाच्या परवानग्या लागतात. सर्वंकष मूल्यांकन मात्र भारतीय कायद्याने बंधनकारक नव्हते. ते झाले ते जायकाच्या २०१० च्या पर्यावरणीय व सामाजिक मार्गदर्शक तत्त्वांमुळे. पालघरच्या शेतकऱ्याला आपल्या शेतावरील परिणामाचा जो दस्तऐवज उपलब्ध झाला, तो त्याच्या शासनाने स्वतःच्या कायद्याने दिलेला नव्हता, तर धनकोच्या अटीमुळे तयार झाला होता. ही बाब धनकोला भूषणावह आणि ऋणकोला विचार करावयास लावणारी आहे.

परंतु धनकोच्या या नियमावलीचीही मर्यादा आहे. स्थानिकांना समजेल अशा भाषेत व स्वरूपात माहिती द्यावी, असे ही तत्त्वे सांगतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा समाजांच्या या जिल्ह्यात तांत्रिक अहवालाचा मराठी सारांश म्हणजे समजेल अशी माहिती, असे गृहीत धरता येत नाही. तक्रारीची सोयही आहे. प्रकल्पदेशातील दोन किंवा अधिक रहिवाशांना आक्षेप नोंदविता येतो. मात्र परीक्षकांनी तपासावयाचे ते जायकाने स्वतःची तत्त्वे पाळली की नाही, एवढेच. जिल्हा प्रशासनाने, रेल्वे महामंडळाने किंवा राज्य शासनाने काय केले, याचा निवाडा ही व्यवस्था करीत नाही आणि करूही शकत नाही.

ग्रामसभेचे स्थान

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनापूर्वी ग्रामसभा अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक करतो. २०१८ च्या सुमारास जिल्ह्यातील आदिवासी संघटनांनी आणि अनेक ग्रामसभांनी या मार्गाला विरोध नोंदविला. राज्यात जमीन मिळविण्यासाठी थेट खरेदीचाही अवलंब झाला. थेट खरेदीत खातेदाराला चांगला मोबदला मिळू शकतो, हे खरे. पण त्यात सामूहिक निर्णयाचे रूपांतर एकेका कुटुंबाच्या व्यवहारात होते आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो कसणारा मात्र चर्चेबाहेर राहतो. जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गाचे भूसंपादन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. भूसंपादन पूर्ण झाले म्हणजे उत्तरदायित्व पूर्ण झाले, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

धनको निघून गेल्यावर

धनकोच्या दबावावर विसंबण्यातील धोका महाराष्ट्राने पूर्वीच अनुभवला आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले. मणिबेलीसह सातपुड्यातील आदिवासी गावांच्या संघर्षानंतर नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर त्रुटी दाखविल्या. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले, हा जगाला झालेला लाभ होय. पण धरणाचे काम देशी निधीवर चालूच राहिले आणि प्रश्न विचारणारा बाहेरचा आवाज तेवढा थांबला.

तारापूरबाबत तर काळाने अधिक स्पष्ट उत्तर दिले आहे. ज्या अमेरिकी संस्थेने कर्ज दिले, तिचे काम १ जुलै २०२५ पासून तेथील परराष्ट्र खात्याकडे वर्ग झाले. गाव आहे तेथेच आहे. धनको संस्था मात्र स्वतंत्र अस्तित्वात उरली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन अपेक्षा पुढे येतात. प्रत्येक मोठ्या परकीय कर्जाच्या अटी स्वाक्षरीपूर्वी संसदेत आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळात, त्या राज्याच्या भाषेत मांडल्या जाव्यात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचे ठराव, अनुकूल असोत वा प्रतिकूल, कर्जाच्या कागदपत्रांचा अधिकृत भाग व्हावेत. आणि तक्रार निवारणाची यंत्रणा प्रकल्पाच्या उद्घाटनाबरोबर न संपता कर्ज फिटेपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यरत असावी.

तिसरी अपेक्षा अवास्तव वाटू शकेल. परंतु रेल्वेच्या कर्जाचा पहिला करार सप्टेंबर २०१८ मध्ये झाला. ५० वर्षांच्या मुदतीचा हिशेब धरल्यास त्याची परतफेड २०६८ च्या सुमारास संपेल. पाम वा बोईसरच्या शाळेत आज पहिलीत बसलेले मूल तोवर पन्नाशीच्या घरात पोहोचलेले असेल. ज्या ऋणाचा भार त्याच्यावर आहे, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकारही तेवढाच काळ त्याच्याकडे राहिला पाहिजे. तो देणे हे धनकोचे काम नव्हे, ते त्याच्या स्वतःच्या शासनाचे कर्तव्य आहे.