रुक्मिणीचं माहेर हरवलेली कीर्तनं

भागवत सप्ताहाचा सहावा दिवस म्हणजे रुक्मिणी विवाहाचा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांपासून या दिवसाचं एकच रूप पाहायला मिळतं. मांडवात वरात येते, डीजे वाजतो. भाड्याच्या मुकुटातला कृष्ण आणि राजस्थानी लेहंग्यातली रुक्मिणी एकमेकांना हार घालतात. कथाकार महाल रंगवून सांगतो: संगमरवरी खांब, सोन्याची झुंबरं, कारंजी. हा महाल भागवताच्या दहाव्या स्कंधातला नाही, एकनाथांनी 1571 साली लिहिलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तलाही नाही. तो रामानंद सागरांच्या आणि बी. आर. चोप्रांच्या मालिकांतून आलेला आहे. हे सगळं चालतं अमरावतीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कौंडण्यपुराच्या नावानं. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव रुक्मिणीचं माहेर, आणि तिथून निघणाऱ्या पालखीची पंढरपूरची परंपरा 1594 पासूनची सांगितली जाते. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते गाव पाहिलेलं असतं. कथेत मात्र ते दिसत नाही.

तयार कथेत जागेचा तपशील भरणं हे कीर्तनकाराचं मूळ काम आहे. आख्यान त्याला आयतं मिळतं. ध्रुव, प्रल्हाद, हरिश्चंद्र, सुदामा यांच्या गोष्टी श्रोत्याला आधीच पाठ असतात. शेवट ठाऊक नाही म्हणून कुणी कीर्तनाला बसत नाही. कथेतली वाट, दार, विहीर, बाजार आणि माणसांची उठबस कीर्तनकार आज कशी उभी करतो, यासाठी लोक बसतात. म्हणून या कलेची आजची अवस्था पाहायची तर आवाज, चाल आणि पाठांतर बाजूला ठेवून भरलेला तपशील तपासायला हवा. तो आज भरपूर आहे, पूर्वी कधी नव्हता इतका. त्यातला बहुतेक निरुपयोगी आहे.

नारदीय कीर्तनाबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. उत्तररंगातल्या, म्हणजे आख्यानाच्या भागातल्या, वर्णनांची वही गुरूकडून शिष्याकडे जाते आणि तिच्यात खाडाखोड होत नाही. स्पर्धेच्या व्यासपीठावर ती वही निर्दोष वाजते. मोबाइलवर लाखोंनी ऐकल्या जाणाऱ्या विनोदी कीर्तनांत सून, सासू आणि जीन्स घातलेली पोरगी यांच्यापलीकडे तपशील नसतोच. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत अजून जीव आहे, पण त्यांचं बळ सोंगात आहे.

लक्ष द्यावं असं काम एकाच वाटेवर झालं, आणि ती वाट गाडगेबाबांची. 1876 साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावात जन्मलेला हा माणूस मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यानं पाहिली. पुढं घर सोडलं आणि पूर्णेच्या काठच्या ऋणमोचनच्या यात्रेपासून सार्वजनिक कामाला हात घातला. बाबांच्या कीर्तनाबद्दल लिहिणारे बहुधा प्रश्नोत्तरांबद्दल लिहितात, आणि ती प्रश्नोत्तरं होतीही विलक्षण. पण त्यांच्या दिवसाचा क्रम पाहण्यासारखा आहे. बाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर गल्ल्या झाडत, नाल्या उपसत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. हा क्रम स्वच्छतेचा धडा म्हणून शाळांत शिकवला जातो. कलेच्या दृष्टीनं त्याकडे कुणी पाहिलं नाही. अख्खं गाव झाडलेल्या माणसाला रात्रीपर्यंत ठाऊक झालेलं असतं की कुठल्या दारापुढं दारूच्या बाटल्या पडतात, कुठल्या वाड्याचं सांडपाणी कुणाच्या अंगणात जातं आणि कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नाहीत. झाडणं ही त्यांची कीर्तनाची तयारी होती. मग देव कुठं आहे असा प्रश्न ते समोरच्या गर्दीला विचारत, तेव्हा त्या प्रश्नामागं ती विहीर उभी असे. कर्ज काढून सण करू नका हे सांगणारे आजही पुष्कळ आहेत. बाबा सांगत तेव्हा कर्ज कुणाच्या घरात आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असायचं, आणि ते बाबांनाही ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक असायचं.

तुकडोजी महाराजांनी हीच वाट खंजिरीवर आणि पुढं 1955 साली ‘ग्रामगीते’त नेली. त्यांचं मोझरीचं गुरुकुंज आणि कौंडण्यपूर एकाच तिवसा तालुक्यात आहेत. अकोला जिल्ह्यातल्या शिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या सात केल्या आणि अस्सल वऱ्हाडीत बोलून या वाटेला नवा श्रोता मिळवून दिला. हुंडा, बुवाबाजी, व्यसन यांवरचा त्यांचा घाव अजून बसतो. ताकद ओळखीच्या वस्तूंतून येते: घरातली चूल, पारावरचा पुढारी, लग्नातला आहेर. दोष सांगायचा तर त्यांच्या कार्यक्रमात आख्यान विरघळून जातं आणि तपशील उपदेशाचा नोकर होतो. तरीही तो खरा तपशील असतो. त्यांच्या मागून आलेल्या कित्येक तरुणांनी खंजिऱ्या तेवढ्या उचलल्या. उदाहरणं गुरूची, गावंही गुरूची.

आता सर्रास काय चालतं ते पाहू. कथाकार गावात पोचतो तो मांडवात बसायच्या जेमतेम तासभर आधी. सरपंच, देणगीदार आणि ग्रामदैवत यांची नावं चिठ्ठीवर लिहून घेतो आणि कथेत मधूनमधून पेरतो. द्वारकेच्या बाजारात गावच्या किराणा दुकानाचं नाव आलं की टाळ्या पडतात, आणि याला स्थानिक रंग म्हणतात. पुढच्या आठवड्यात दर्यापूरला तीच कथा, फक्त चिठ्ठी बदललेली. नाव बदलल्यानं कथेतलं काहीच बदलत नसेल, तर तो तपशील कथेच्या अंगाला लागलेलाच नाही.

भरलेला तपशील कथेच्या अंगाला लागतो की नाही, हे एका परक्या खेळात नेमकं दिसतं. अमेरिकेत 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण छापील साहसकथा उघडून निवेदन करतो, आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवतात. माइक कार यांनी या खेळासाठी लिहिलेल्या ‘इन सर्च ऑफ द अननोन’ या आरंभीच्या पुस्तिकेत गुहेतल्या खोल्यांची वर्णनं आहेत. पण कुठल्या खोलीत कोणता राक्षस आणि कोणता खजिना, त्या जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या होत्या. त्या निवेदकानं भरायच्या. तिथं भरलेल्या तपशिलाची परीक्षा लगेच होते. निवेदकानं दार आहे म्हटलं, तर समोरचा ते उघडून पाहतो. संगमरवरी खांब सांगितले तर कुणीतरी त्यामागं लपतो. ज्याला कुणी हात लावू शकत नाही असं वर्णन तिथं टिकत नाही. कीर्तनाच्या मांडवात श्रोता उठून दार उघडत नाही हे खरं. पण बाबांच्या प्रश्नांनी त्याला तेच करायला लावलं होतं.

आता रुक्मिणीकडे. भागवत सांगतं की लग्नाआधी ती नगराबाहेरच्या देवीला पायी गेली. मौन धरून, सख्यांच्या घोळक्यात, राजाच्या हत्यारबंद शिपायांच्या पहाऱ्यात. तिथूनच कृष्णानं तिला रथात घेतलं. ही देवी कोणती? कौंडण्यपूरकर त्यांच्या अंबिकेचं देऊळ दाखवतात. अमरावतीकर ठामपणे सांगतात की ती त्यांची अंबादेवी. पायी जाणाऱ्या नवरीला चाळीस किलोमीटर कसे चालवायचे? हा वाद वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे आणि कथेच्या ऐन गाभ्यात बसलेला आहे. तो मांडवात काढला तर अर्धी सभा बोलू लागेल. पुढं हरलेला, केस भादरलेला तिचा भाऊ रुक्मी कौंडण्यपुरी परतला नाही. त्यानं भोजकट वसवलं, आणि भोजकट म्हणजे अमरावतीजवळची भातकुली असं परंपरा मानते. अपमान गिळून बसलेल्या भावाचं गाव श्रोत्याच्या एसटीच्या रस्त्यावर आहे. कौंडण्यपूरच्या टेकाडाचं मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं आणि 1968 साली त्याचा अहवाल छापून आला. इतकं साहित्य हाताशी असताना कथाकार कारंजी उडवतो.

कारंजी उडवण्यात सोय आहे. पहाऱ्यातली मुलगी नीट रंगवली, की पहारा कुणाचा हे सांगावं लागतं. वर भावानं ठरवला आहे, बाप मुलाच्या मायेपोटी गप्प आहे, आणि मुलीनं परपुरुषाला गुपचूप निरोप धाडला आहे. हे तिन्ही तपशील मूळ कथेत आहेत. वऱ्हाडातल्या आजच्या घरात ते ठेवून पाहा: तुरीचा चुकारा अडकलेला, लग्नासाठी सावकाराचे पैसे उचललेले, आणि मुलगी नको म्हणते आहे. मांडव क्षणभर गार पडेल. लेहंगा आणि डीजे त्यापासून सगळ्यांना वाचवतात, देणगीदारांना सर्वांत आधी.

दामाजीपंतांच्या आख्यानाचंही तसंच. दुष्काळात मंगळवेढ्याचं कोठार उघडलं जातं. कथाकार कोठाराच्या कुलपांचं वर्णन करतो, धान्याचं नाव घेत नाही. मंगळवेढा ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे, आणि वऱ्हाडही एके काळी ज्वारीच्या भाकरीवर जगत होता. गेल्या तीन दशकांत सोयाबीननं इथली ज्वारी हटवली. आज गोदाम उघडलं तर उपाशी माणसाच्या ताटात पडेल असं त्यात काय आहे? एवढा एक प्रश्न विचारला की पाचेकशे वर्षांपूर्वीची गोष्ट अकोल्याच्या बाजार समितीत येऊन उभी राहते.

हा अभ्यासकांचा हट्ट आहे, लोककलेला त्याचं ओझं कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी रिद्धपूरला जावं. मोर्शी तालुक्यातल्या या गावात, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसाकडून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचलं. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधर कुठं बसले, कुठं निजले, देवळाचं दार कुठल्या दिशेला, हे नोंदलेलं आहे. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ महदाइसेनं रचले तेही याच गावात, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सांगण्यावरून. सातशे वर्षांपूर्वी रुक्मिणीचं लग्न इथं एका बाईनं गायलं होतं. जागेची चाड ही वऱ्हाडाची जुनी रीत आहे, कुणा टीकाकाराची मागणी नव्हे.

दुसरं उत्तर सप्ताह समित्यांचं: लोकांना हेच आवडतं. मग समितीनं एकदा अट घालून पाहावी. कथाकारानं दोन दिवस आधी गावात यावं, देऊळ, शाळा, धरण, खारपाणपट्ट्यातली विहीर पाहावी, आणि बिदागी त्या दिवसांचीही घ्यावी. एलईडी पडद्याच्या भाड्यात हे भागतं. आवडीनिवडीचा निकाल त्यानंतर लावता येईल.

आणि गावात इतकं रुतलेलं कीर्तन बाहेरच्यांना कळणार नाही, ही भीती तर निराधार आहे. गाडगेबाबांचं अखेरचं कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. बोलणारा वऱ्हाडी, ऐकणारे मुंबईचे, शब्द दापुऱ्याचे. ऐकणारे अर्थ विचारत नाहीत. बाबांच्या प्रश्नाला एका आवाजात उत्तर देतात.