कळसूबाई : गड नसलेला डोंगर

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील शाळकरी मुलासही मुखोद्गत असते. कळसूबाई, उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या मापाने ५४०० फूट. परंतु या उत्तरापुढे आणखी एखादे वाक्य बोलावयास सांगितले, तर मुलाचे राहोच, चांगले बहुश्रुत गृहस्थही अडखळतील. ज्या डोंगराचे नाव सर्वांस ठाऊक, त्याविषयी सांगण्याजोगे कोणाजवळ फारसे काही नसावे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. हा दोष डोंगराचा नव्हे. तो आपल्या डोंगरविषयक वाङ्मयाच्या दृष्टीचा आहे, असे आमचे मत असून त्याची कारणे येथे थोडक्यात मांडावयाची आहेत.

मराठीत डोंगरांविषयी जे लेखन झाले, ते बहुतांशी गडांविषयीचे लेखन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी चिं. गं. गोगटे यांनी 'महाराष्ट्र देशांतील किल्ले' हा ग्रंथ सिद्ध केला, पुढे गो. नी. दांडेकरांनी याच विषयास आपल्या रसाळ लेखणीने ललित वाङ्मयात मानाचे स्थान मिळवून दिले. प्र. के. घाणेकर यांच्या एका पुस्तकाचे नावच 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची' असे आहे. साद घालतो सह्याद्री, आणि पावले वळतात ती किल्ल्यांकडे! आपल्या एकंदर प्रवृत्तीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. या लेखकांचे ऋण मोठे आहे. घरात बसून इतिहास वाचणाऱ्या मध्यमवर्गास त्यांनी पायांत वहाणा घालून बाहेर काढले आणि बखरीतला इतिहास दगडाधोंड्यांत प्रत्यक्ष दाखविला. त्यांच्या कार्यास उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एका उत्तम परंपरेने दुसरी परंपरा उगवूच दिली नाही, असे कधी कधी घडते. येथे तसे घडले आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

साल्हेरचे उदाहरण घेऊ. बागलाणातील हा गड १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्व गडांत उंच. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठे आणि मोगल यांचे मोठे युद्ध झाले आणि सभासदाच्या बखरीत त्याचे वर्णन आले. कळसूबाई साल्हेरहून ७९ मीटरांनी उंच आहे. पण तिच्या माथ्यावर ना तट, ना दरवाजा, ना दारूकोठार. अलंग, मदन आणि कुलंग हे तिचे शेजारी आणि तिच्याच रांगेतले; तथापि त्यांच्या कातळात पायऱ्या आणि टाकी खोदलेली असल्याने त्यांच्याविषयी लिहिताना आपली लेखणी सरसावते. कळसूबाईपाशी येताच ती थबकते. कोणी वेढा दिला नाही, कोणी पडला नाही, मग लिहावे तरी काय? उरतो तो एक आकडा. त्यातून मग आकड्यांचेच वाङ्मय जन्मास येते: किती तासांत चढलो, किती शिड्या लागल्या, किती वाजता माथ्यावर पोहोचलो. असले वृत्तान्त वाचून डोंगराविषयी काही कळत नाही. लेखकाच्या दमसासाविषयी मात्र बरेच कळते.

वस्तुतः पायी चालणाऱ्यास देण्यासारखे या डोंगरापाशी पुष्कळ आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या एका रांगेवर तो उभा आहे. रांगेच्या उत्तरेचे पाणी दारणेकडे जाते, दक्षिणेचे प्रवरेकडे, आणि शेवटी दोन्ही पाणी गोदावरीतच एक होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे थरांवर थर येथे पसरले, त्यांतूनच हा देह घडला. कठीण थराचा कडा झाला, मऊ थराचा उतार. म्हणूनच या चढणीला एक लय आहे. छातीवरचा चढ संपतो न संपतो तोच पायांस सपाटी लाभते, श्वास जागेवर येतो, आणि पुढचा कातळ समोर उभा राहतो. ही लय वाहनातून कळत नाही, छायाचित्रातूनही नाही. ती पायांनीच वाचावी लागते.

ऋतूंचेही तसेच आहे. आषाढ-श्रावणात डोंगर दिवसच्या दिवस ढगात असतो. चालणाऱ्यास दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि मग पाण्याचा आवाज हाच वाटाड्या होतो. खाली बारी गावाच्या शिवारात भाताची खाचरे आणि उतारावर नागली-वरई. भाद्रपद सरता सरता सोनकीच्या फुलांनी माळ पिवळे होतात, आणि काही वर्षांच्या मौनानंतर कारवी एकाच वेळी फुलते, तेव्हा उतारच्या उतार जांभळे दिसतात. आकाश निवळले म्हणजे माथ्यावरून भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगड एका दृष्टीत येतात. यांतला जलाशय मात्र निसर्गाचा नव्हे, माणसाचा. १९१० मध्ये सुरू झालेले धरणाचे काम १९२६ साली पुरे झाले. इतके सारे समोर असताना आपल्या लेखकांस विषय सापडू नये, हे नवल नव्हे काय?

दुसरी गोष्ट भाषेची. सोंड, पदर, धार, खिंड, घळ, नाळ, बेचके, लवण असे डोंगराच्या अवयवांचे कितीतरी शब्द मराठीत आहेत. ते पंडितांनी घडविले नाहीत. गुरे घेऊन, मोळी घेऊन चालणाऱ्यांच्या तोंडी ते घडले. 'उत्तुंग', 'रौद्र', 'नयनरम्य' ही विशेषणे कोणत्याही डोंगरास लावता येतात, म्हणूनच ती कोणत्याही डोंगराविषयी काही सांगत नाहीत. 'सोंडेवरून चढून पदरात आलो' या साध्या वाक्यात वाट दिसते. हे शब्द लिखित गद्यात आले नाहीत, तर एकदोन पिढ्यांत ते बोलण्यातूनही जातील, अशी आम्हांस भीती वाटते.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, या डोंगरास स्वतःची कथा आहे. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर ती एका घरी कामास राहिली. एके दिवशी तिला नेमकी तीच कामे सांगण्यात आली. तिने ती केली. आणि तेथून निघून जी डोंगरावर गेली, ती अखेरपर्यंत तेथेच राहिली. अहमदनगर जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरात ही कथा नोंदलेली आहे. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा, अशी नावेही लोकांनी भूमीवर कोरून ठेवली. या कथेत तलवार नाही, वेढा नाही. आहे तो दिलेला शब्द मोडल्याचा सल आणि एका मोलकरणीचा स्वाभिमान. राज्यातले सर्वोच्च स्थान लोकमानसाने राजास दिले नाही, सेनापतीस दिले नाही. ते हिला दिले. शौर्याच्या कथांनी भरलेल्या आपल्या डोंगरी वाङ्मयात या कथेस आजवर कोपऱ्यातलीच जागा मिळावी, यावर अधिक भाष्य करण्याची जरूर नाही.

लोखंडी शिड्यांनी चढणीची मौज गेली, अशी तक्रार काही हौशी मंडळी करतात. ती आम्हांस मान्य नाही. नवरात्रात आसपासच्या गावांतील बायाबापड्या देवीच्या दर्शनास वर जातात. शिड्यांची सोय त्यांनाही आहे, आणि डोंगरावर पहिला हक्क त्यांचा आहे. खरी हानी निराळीकडून होते. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी शहरांतून लोटणाऱ्या गर्दीस शिखर तेवढे हवे असते, डोंगर नको असतो. १९८६ पासून हा प्रदेश अभयारण्य आहे, तरी माथ्याच्या आकड्यापलीकडे काही न शिकलेल्या माणसास वाटेवरच्या झाडाझुडपांविषयी आणि वाड्यावस्त्यांतील माणसांविषयी आस्था वाटावी कशी? ती आस्था उत्पन्न करणे हे सरकारी फलकाचे काम नव्हे. ते वाङ्मयाचे काम आहे, आणि ते आपण केलेले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गडांवर लिहिणाऱ्यांनी अवश्य लिहावे. पण एखाद्या लेखकाने बारीच्या वाटेने वर्षाच्या सहाही ऋतूंत चालावे, बरोबर गावातला जाणता माणूस घ्यावा, त्याच्या तोंडची स्थळनामे जशीच्या तशी टिपून घ्यावी आणि उंचीचा आकडा एकदाही न सांगता या डोंगराचे पुस्तक लिहावे. ते चांगले उतरले, तर कळसूबाईविषयी विचारले असता आपल्या मुलांना दुसरे वाक्यही बोलता येईल.