ब्रह्मा, निर्मिक आणि कोयता

ब्रह्मा हे तर पुराणातले पात्र; त्याची टर उडविल्याने खऱ्या ईश्वराला काय धक्का बसतो? 'गुलामगिरी'वर (१८७३) हा आक्षेप फोल आहे. चार अवयवांतून चार वर्ण प्रसवणारा ब्रह्मा विटाळशी बाहेर बसत होता काय, असे विचारणाऱ्या जोतीरावांनीच 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) सर्वांचा एकच निर्मिक मांडला. बाबासाहेबांनी १९५६ साली ब्रह्मा नाकारला. १९५७ च्या धम्मग्रंथात निर्माताही नाकारला.

पण पात्र कल्पित असले तरी त्याच्या नावाने झालेली वाटणी कल्पित नाही. धारूरच्या डोंगरपट्ट्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या दलिताला ब्रह्म्याचा पुरावा कोणी देत नाही; जात मात्र विचारतात. समीक्षकाने पात्र खरे की खोटे हे पुसू नये. त्याच्या नावावर कोण जगतो आणि कोण राबतो, हे पुसावे.