उसन्या काळातला स्वतःचा सूर

'नो डाउट' या वाद्यवृंदाची गायिका ग्वेन स्टेफानी हिचा 'लव्ह. एंजल. म्युझिक. बेबी.' (२००४) हा पहिला स्वतंत्र गीतसंग्रह प्रथमश्रवणी गोंधळात टाकतो. १९८०च्या दशकातील सिंथेसायझरचे नृत्यसंगीत, हिप-हॉप आणि 'रिच गर्ल'मध्ये तर 'फिडलर ऑन द रूफ' या संगीतिकेतील चाल! डॉ. ड्रे, लिंडा पेरी, आंद्रे ३००० अशा अनेकांचे हात लागल्यावर गायिका स्वतः उरते कुठे? याचे उत्तर 'कूल' देते. प्रेम सरल्यावर उरलेल्या स्नेहाचे हे गीत. म्हणून जुना नाद येथे अर्थाचाच भाग होतो. याउलट टोकियोतील हाराजुकूची फॅशन ती केवळ सजावटीसाठी वापरते, तेव्हा उसनवारी उघडी पडते. गतकाळ अंगावर मिरवणे सोपे; तो गळ्यात उतरावा लागतो.