भुताचीही जात

'मुंज्या' हा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित हिंदी चित्रपट २०२४ साली आला. त्यात कोकणातल्या भुताचा संगणकावर घडवलेला एक अजब प्राणी झाला आहे. अंजनगाव सुर्जीतले माझे विद्यार्थी त्यावर खूश आहेत. कल्पकतेबद्दल माझीही तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

मराठीत 'जात' हा शब्द प्राण्याच्या प्रकाराला लागतो, तसाच माणसाच्या जन्मालाही. भुतांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एक होतात. मुंज झालेला ब्राह्मण मुलगा लग्नाआधी मेला की मुंजा, वासना उरलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध, शूद्राचा देवचार. मसणवटे वेगळे, तशी भुतेही वेगळी! ज्यांना मुंजीचा अधिकारच नव्हता, त्यांच्या मेलेल्या पोराला मुंजा होण्याचाही अधिकार नव्हता. पिंपळावरची जागासुद्धा राखीव होती.

चित्रपट मुंजीचा विधी दाखवतो, पण तो कोणाचा आणि कोणाला बंद, हे विचारत नाही. भुताची 'प्रजाती' केली की माणसांनी लादलेला भेद निसर्गाने दिल्यासारखा दिसू लागतो. जात म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशातल्या माणसांची ती सामाजिक विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बजावले होते.

आमच्या तरुण लेखकांनी अद्भुताची नवी जगे जरूर रचावीत. भूत खरे नाही, हे आपण जाणतोच. पण त्याला दिलेली जात खरी होती, अजूनही आहे. ती झाकून रचलेले जग नवे कसे म्हणावे?